डाव्या डोळ्याच्या जागी

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. आणि मी कोण? जो बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही नंदुरबार येईपर्यंत चार किस्से ऐकवतो, तो! हा एक तेवढा गिळून बसलो.

मी शिबिरांत डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतो. साखर असलेल्यांच्या रक्तवाहिन्या आत कुठे फुगल्या, कुठे पाझरल्या, ते त्यात दिसतं; फोटो शहरातले डॉक्टर तपासतात. शहाद्याच्या शिबिरात मी रांगेला हसवत होतो — "या, या! प्रत्येकाच्या डोळ्यात तापी आहे, उपनद्यांसकट दाखवतो! एका फोटोत काम, माझ्याकडे कुणाला पुन्हा बसावं लागत नाही!" लोक खूश. मी त्याहून.

मग कळसाडीच्या सुमनताई बसल्या. उजवा डोळा लख्ख आला. डावा धुरकट. पुन्हा काढला — धुरकटच. बाहुली पुरती उघडली नव्हती. थेंब घालून अर्धा तास बसवायचं, एवढंच तर होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काय भाऊ, तापी आटनी का?" रांग हसली.

माझ्यावर?

मी उजव्याचाच फोटो कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखा उलटवला आणि डाव्याच्या जागी लावला. उलटवला, कारण डोळ्याच्या पडद्यावरचा, मेंदूकडे जाणाऱ्या शिरेचा गोल ठिपका नेहमी नाकाच्या बाजूला असतो — तसाच पाठवला असता तर डॉक्टरांनी लगेच पकडलं असतं. केवढी हुशारी! मनातल्या मनात मीच टाळी वाजवली. शहरातून डॉक्टरांचा अहवाल आला — दोन्ही डोळे ठीक, वर्षानं या.

ताई वर्षाआधीच आल्या. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. त्या दिवशी तिथे काय दिसलं असतं? लेसरनं तो वाचला असता? मला ठाऊक नाही — मी पाहिलंच नाही ना.

इथवरच असतं तर कदाचित सांगूनही टाकलं असतं. पण त्याच खुर्चीत बसून ताई म्हणाल्या, "मन्हीच चुकी शे भाऊ. पुतन्याना लगीनमा गोड खाई लिधं."

आणि मी — सगळ्यांदेखत, आवाज चढवून — म्हणालो, "मग! पथ्य नको पाळायला, ताई?"

त्यांनी मान खाली घातली.

त्यांची सून अधूनमधून भेटते. सासूबाई आता कुणाच्या लग्नात पंगतीला बसतच नाहीत, असं कौतुकानं सांगते. मी ऐकून घेतो.