शैलाची हळदीची साडी

काल शैलाला नवरीच्या साडीत नेलं.

तिचं लग्न कधी झालंच नव्हतं.

साडी मी केलेली. नाटकासाठी.

खाली फोटो टाकलाय. मधली पिवळ्या साडीतली शैला. पाथरीच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळच्या एसटीने परभणीला तालमीला यायची. नाटक निजामाच्या काळातलं. ती नवरी, आणि कॉस्च्युम माझे.

तेव्हा माझ्या डोक्यात रिसर्चचं भूत शिरलं होतं. जुन्या बायकांना विचारत फिरले. त्यांच्या आयांच्या लग्नात नवरीला पांढरं सुती लुगडं असायचं, घरीच हळदीच्या पाण्यात बुडवलेलं.

दुकानातला पिवळा रंग लाईटखाली अगदीच खोटा दिसायचा. मग मी हट्टाने खऱ्या हळदीत लुगडं रंगवलं.

हळदच ती. पहिल्याच प्रयोगात घामाने रंग सुटला. मान, हात, पोट... शैला सगळी पिवळीधम्मक!

तिच्या आईने, माईने, माझी बिनपाण्याने केली. "लग्नाआधी पोरीला हळद लावलीस? खेळ वाटायलाय का तुला?"

शैला आरशात बघून हसत होती. "लागू दे की माई. लय गोड दिसायले मी."

पुढे स्थळं आली आणि गेली. माईने मनात एकच धरलं, हिची हळद लागून गेलीय.

साडी माझ्या कपाटात असायची. शैला धुऊ द्यायची नाही. घरी आली की कपाट उघडून नुसती उभी राहायची. खरं सांगते, तेव्हा मला तिची भीती वाटायची.

दिवाळीपासून ती आजारी होती. काल सकाळी माईचा फोन आला.

"शैला गेली. ती साडी घेऊन ये."

मी पोचले तर तिचे चुलते अडून बसलेले. "कुवार पोर हाय वहिनी. नवरीवानी कसं नेता येईल? लोक काय म्हणतील?"

माई दारात उभी राहिली. "हळद लागलीय तिला. भरल्या हॉलमधी समद्यांनी पाह्यलंय. तुमी बी टाळ्या वाजवल्या, भाऊजी."

चुलते उठून बाहेर गेले.

बायकांनी शैलाला धरलं. मी लुगडं गुंडाळलं, निऱ्या घेतल्या. हात आपोआप चालत होते. कमरेत खोचताना, दर प्रयोगाआधी म्हणायचे तेच तोंडातून निघून गेलं.

"शैले, श्वास आत घे."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

माई तिच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "थांब गं जरा. घेईल ती."

आणि आम्ही सगळ्या थांबलो.

जा शैले.
निऱ्या नीट बसल्यात.