अंगणात पडलेली खूण

पेडण्याहून एक गृहस्थ पखवाज घेऊन आमच्या अंगणात उतरले, तेव्हा मी सोप्यावर पेपर वाचत बसलो होतो. पखवाज जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून आणला होता. एका बाजूची कातड्याची पुडी फाटली होती आणि चार दिवसांवर त्यांच्या देवळात भजन होतं.

"पखवाज दुरुस्त करतात ते हेच घर ना?"

"नाही हो. ते गावाच्या वरच्या वाड्यावर. इथून दीडेक किलोमीटर."

"पण फोन म्हणतो पोहोचलात म्हणून."

मी त्यांचा फोन मागून घेतला. साखळी गावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर फोनमधलं बरंच काही स्वतःच शिकलो आणि गावात कोणाचा फोन अडला की तो माझ्याकडे येऊ लागला. गणिताच्या मास्तराला एवढं यायलाच हवं, असं लोकांना वाटायचं, आणि मलाही. मी त्यांचं लोकेशन बंद करून चालू केलं, बॅटरी वाचवण्याचं बटण काढलं, नकाशाचं ॲप बंद करून पुन्हा उघडलं. मग फोन हवेत धरून इंग्रजी आठच्या आकारात चार वेळा फिरवला. त्यानं होकायंत्र जाग्यावर येतं. गृहस्थ माझ्याकडे मंत्र घालणाऱ्याकडे बघावं तसे बघत होते. निळा ठिपका थरथरला आणि पुन्हा आमच्याच अंगणात येऊन बसला.

"फोन जुना झालाय तुमचा," मी निदान केलं आणि वरच्या वाड्याची वाट दाखवली.

त्या महिन्यात आणखी दोघं-तिघं आले. एक बाई लोणच्याच्या बचतगटाचं घर शोधत होती, एकाला पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी हवी होती. प्रत्येकाचा फोन मी तपासला, प्रत्येकाच्या फोनात काहीतरी खोट काढली. बायको आतून म्हणायची, "सगळ्यांचेच फोन कसे हो बिघडतात आपल्या दारात येऊन?" मी ते हसण्यावारी नेलं.

मग एका सकाळी एक नवरा-बायको आली. स्कूटर तो चालवत होता, ती मागे एका बाजूला बसलेली. तिच्या पोटरीला टॉवेल गच्च बांधला होता आणि तो लाल झाला होता. कुळागरात, सुपारीच्या बागेत, गवत कापताना विळा लागला, असं त्यानं सांगितलं. बोलणं सिंधुदुर्गाकडचं. त्यांना आरोग्य उपकेंद्र हवं होतं आणि फोननं त्यांना आमच्या पायऱ्यांशी आणून सोडलं होतं.

"इथे नाही, देवळाच्या पलीकडे आहे," मी म्हटलं.

"मगे ह्यो हयसर कसो दाखवता?" त्यानं फोन पुढे केला.

"बघू आण."

मी चष्मा लावला. फोनच्या काचेला तडा गेलेला. सेटिंग उघडलं. लोकेशन चालू होतं. ॲपला परवानगी दिलेली होती. बॅटरीही पुरेशी. म्हणजे दोष कुठे आहे? मला खरोखरच छडा लावायचा होता. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्या बाईला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "अहो..."

"एक मिनिट," मी म्हटलं.

फोन हातात असला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. मी तो आठच्या आकारात फिरवत असताना तो माणूस एक पाय जमिनीवर टेकून स्कूटर सावरत उभा होता आणि त्याची बायको मान खाली घालून बसली होती. शेवटी काही हाती लागलं नाही, तेव्हा मी फोन परत दिला आणि रस्ता सांगितला. सरळ जा, देऊळ मागे टाका, पिंपळाकडून डावीकडे. सांगायला दहा सेकंदही लागले नाहीत.

संध्याकाळी उपकेंद्राच्या नर्सबाई रस्त्यात भेटल्या. त्यांनीच विषय काढला. "सर, ती विळा लागलेली बाई तुमच्याकडून आली म्हणे. मी लशी द्यायला खालच्या वाड्यावर निघाले आणि मागोमाग ती दोघं पोहोचली. दहा मिनिटांनी चुकामूक झाली बघा. मग साखळीला जाऊन टाके घालून घेतले त्यांनी."

घरी आलो, पण स्वस्थ बसवेना. बायकोचा फोन घेतला. तो नवा होता, त्यात कसलीही खोट नव्हती. मी आमच्या गावाचं नाव आणि पुढे उपकेंद्र असं टाइप केलं. लाल खूण उमटली ती आमच्या अंगणात, तुळशीच्या थोडी पुढे. खुणेवर बोट ठेवलं तर खाली फोटो आला, उपकेंद्राच्या पाटीचा. फोटो ओळखीचा वाटला. फोटोखाली तो टाकणाऱ्याचं नाव होतं. ते माझं होतं.

मग सगळं आठवलं. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी दिवस खायला उठायचा. त्या ॲपमध्ये गावातल्या जागा नोंदवल्या की तारे मिळतात, असा शोध मला लागला होता. एक जागा टाकली की तारा. तुमचा फोटो हजारो लोकांनी पाहिला, असं अभिनंदनाचं पत्र येई. शाळेत मुलांच्या वह्यांवर शेरे मारण्यात माझा जन्म गेला होता. आता कोणीतरी माझ्या वहीवर शेरा मारत होतं आणि मला ते आवडत होतं. सुरुवातीला मी प्रत्येक जागेपाशी जाऊन नोंद करायचो. मग पाऊस लागला. फोटो आधीच काढलेले होते, म्हणून सोप्यावर बसूनच नोंदी केल्या. ॲपनं विचारलं असणार, जागा हीच का? मी न वाचता हो म्हटलं असणार. त्या पावसात मी सगळं गाव माझ्या अंगणात आणून ठेवलं होतं.

बायकोला फोन दाखवला. तिनं नाव वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "आता उद्या सकाळी निघा."

मी निघालो. पोदेराच्या भट्टीपाशी गेलो, बचतगटाच्या दारात गेलो, तिथे उभं राहून एकेक खूण हलवली. वरच्या वाड्यावर पखवाज दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं. तो मांडीवर पुडी घेऊन चामड्याची वादी ओढत होता. "म्हणजे माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे बसून जात होती?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा वादी ओढू लागला. रागावला की नाही, ते मला कळलं नाही. उपकेंद्राची खूण सर्वांत शेवटी हलवली. त्यावर उत्तर आलं की तुमची सूचना तपासली जात आहे. चूक करताना कोणी तपासलं नव्हतं, दुरुस्ती मात्र तीन आठवडे तपासणीत होती. तेवढे दिवस मी एका पुठ्ठ्यावर बाण काढून तो फाटकाला बांधला.

पण एक जाणं राहिलंच होतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं की ती दोघं शिरगावला भाड्याच्या खोलीत राहतात, तो खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर आहे. एका रविवारी मी डझनभर केळी घेऊन गेलो. खोल्यांच्या रांगेत विचारत विचारत दार सापडलं. बाई दारातच तांदूळ निवडत होती. पायावर पट्टी नव्हती, वण दिसत होता. तिनं मला ओळखलं.

मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. तुमच्या फोनचा दोष नव्हता. ती जागा मीच चुकीची नोंदवली होती. माझ्यामुळे तुम्हाला फेरा पडला. सूप बाजूला ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माका त्या फोनातला काय कळना नाय," ती म्हणाली. "चुकीची जागा कोणाकडसून पण पडात. पण सर, माझ्या पायातसून रगात जाय होता. तुमी माझ्याकडे बघलात नाय. तुमी फोन मागलात."

मी तीस वर्षं मुलांना चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते शोधायला सांगत होतो. माझी पायरी मला सापडली नव्हती. तिला सापडली होती. मी खुणेसाठी माफी मागायला आलो होतो आणि त्या दहा मिनिटांचा मी विचारही केला नव्हता.

"चुकलो," मी म्हटलं. केळी तिच्या सुपाशेजारी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "चा घेवा."

मी बसलो. आतून तिचा नवरा आला, केळी बघून संकोचला. तिनं चहा ठेवला. आम्ही दोघं ट्रकांबद्दल, रस्त्यावरच्या धुळीबद्दल, त्याच्या गावाकडच्या काजूंबद्दल बोललो. कप अर्धा झाल्यावर त्यानं खिशातून तोच तडा गेलेला फोन काढला आणि हातातच फिरवत राहिला.

"सर, एक विचारू? माका ह्यो खाणीच्या बंद वाटेन धाडता. थय फाटक घातलेला असा. दोन वेळा ट्रक मागे घेवचो लागलो."

माझा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. मी तिच्याकडे बघितलं. ती चुलीपाशी उभी होती आणि पहिल्यांदाच हसली.

"बघा बघा," ती म्हणाली. "आता खुशाल बघा."

मी चष्मा लावला. त्याच्या फोनात दोष नव्हताच. नकाशावर ती वाट अजून उघडी होती, एवढंच. मी त्याला सांगितलं की पुढच्या वेळी त्या फाटकापाशी थांबून, तिथूनच वाट बंद असल्याचं ॲपला कळव. घरी बसून नको. मग कसं कळवायचं ते दाखवलं. दुसऱ्यांदा त्यानं स्वतः करून बघितलं आणि त्याला ते जमलं.