बोला, काय जेवलात?

"बोला, काय जेवलात?"

लॅपटॉप दुरुस्त झाला की काका तो तुमच्याकडे वळवत आणि हे विचारत. नवखा माणूस गोंधळायचाच. माईक तपासायचा तर आपण सगळे 'हॅलो, हॅलो' म्हणतो. काकांना ते चालत नसे. "हॅलोमधी माणूस खोटा आवाज काढतो. जेवणाचं इचारलं का खरा निघतो," हे त्यांचं शास्त्र.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. वैशाखऱ्यात, माळशेजच्या रस्त्याला लागून त्यांचं घर. नोकरी मात्र सगळी भातसानगरला, धरणाच्या ऑफिसात झाली. रोज पाण्याची पातळी वायरलेसवर कळवायची, हे काम. आकडा सांगायचा आणि पलीकडून 'मिळालं' असं येईपर्यंत सेट बंद करायचा नाही, हा नियम. निवृत्तीनंतर तो नियम त्यांच्याबरोबर घरी आला. फोनवर तुमचं बोलणं संपलं की ते "मिळालं" म्हणत, आणि तुम्ही म्हणेपर्यंत फोन ठेवत नसत. मी घाईची बाई. मला हे फार छळायचं.

आमची ओळख झाली ती शाळेमुळे. एका कंपनीने आमच्या शाळेला सहा वापरलेले लॅपटॉप दिले, पण आतलं सगळं पुसून. वर्षभर ते कपाटात पडून होते. मग कुणीतरी सांगितलं, वैशाखऱ्याला एक काका आहेत, ते असल्या मशीनवर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून देतात. मी दोन पिशव्या भरून घेऊन गेले. दारात उभ्या असलेल्या काकांनी आधी पिशव्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. सहा पाहुणे एकदम आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

काम करताना ते जवळजवळ बोलत नसत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकायच्या आणि काका चष्मा कपाळावर ढकलून त्यांवरून बोट फिरवायचे. मध्येच एका ओळीवर बोट थांबायचं. "हे बघा बाई. वायफायचं कार्ड दिसतंय म्हणतंय. पन ते चालवायची फाइल नाय म्हणतंय. मशीन सगळं सांगतं, आपुनच आर्धं ऐकतो." मग ती फाइल आणायला ते मोबाईल हातात धरून रस्त्यापलीकडच्या जांभळापर्यंत जायचे, कारण नेट तिथेच यायचं. पाच मिनिटांचं काम, पण परतायला तास लागे. रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोलत यायचे.

प्रत्येक लॅपटॉपला त्यांच्या वहीत एक पान होतं. पानावर सहा ओळी: वायफाय, आवाज, उजेड, झोप, कॅमेरा, माईक. प्रत्येकीसमोर 'हाय' किंवा 'नाय'. उजेड म्हणजे पडद्याचा. झोप म्हणजे झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो का, आणि मुख्य म्हणजे उघडल्यावर उठतो का. माईक नेहमी शेवटी. त्या ओळीसाठी मालकाने स्वतः येऊन बसायचं आणि बोलायचं, त्याशिवाय 'हाय' लिहिलं जात नसे.

एका ग्रामसेवकांनी मुरबाडच्या एका लग्नातलं मटण इतकं रंगवून सांगितलं की काकांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही आणि त्या दिवशी माझा नंबर लागलाच नाही. नातवाचा लॅपटॉप घेऊन आलेली एक म्हातारी मात्र खवळली. "मी काय खाल्लं त्ये तुला कशाला रे पायजे?" तिने विचारलं. काकांनी शांतपणे तिचंच वाक्य तिला परत ऐकवलं आणि वहीत लिहिलं, 'माईक: हाय.' म्हातारी स्वतःचा आवाज ऐकून इतकी हसली की मग बसून सकाळच्या नाचणीच्या भाकरीपासून सगळं सांगून गेली.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी शहापूरला दिलेली. ती "इकडेच या" म्हणायची. "तिथं माझ्याकडं मशीन घेऊन कोन येईल?" एवढंच ते म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, माणसाला कामाचा किती सोस असतो!

मग माझा स्वतःचा लॅपटॉप त्यांच्याकडे गेला. पाच ओळींना 'हाय', माईकला 'नाय'. मशीनला आपल्याच पोटातला माईक ओळखू येत नव्हता. खरं सांगायचं तर माझी काही तक्रार नव्हती. ऑनलाइन प्रशिक्षणात सर प्रश्न विचारू लागले की 'माझा माईक चालत नाही' हे फार सोयीचं उत्तर असतं. पण काका ऐकेनात. "पाच हाय अन् येक नाय? असं कसं देऊ?" कुठल्याशा फाइलीत एक ओळ बदलायची, लॅपटॉप बंद करून चालू करायचा, ऐकायचं, पुन्हा दुसरी ओळ. असे दोन महिने गेले. इकडे शाळेचे फॉर्म भरायचे तुंबले आणि माझा पारा चढत गेला.

एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "बाई, माईक लागला! तुमी या, बोलून बघा."

"काका, वेळ नाही हो. इकडे येणाऱ्या जीपवाल्याकडे देऊन टाका."

"पन बोलून बघायचं ऱ्हायलं."

"तुम्ही चालतो म्हणताय ना? मग चालतो."

"बरं. मिळालं," ते म्हणाले. मी 'मिळालं' न म्हणताच फोन ठेवला.

संध्याकाळी जीपवाल्याने लॅपटॉप आणून दिला. जुन्या टॉवेलात नीट गुंडाळलेला. आत वहीचं पान. सहावी ओळ: 'माईक: हाय. (माझ्या आवाजात बघितला.)'

भातकापणीच्या दिवसांत तब्येत बिघडली म्हणून मुलगी त्यांना शहापूरला घेऊन गेली. ते तिथेच वारले. मला हे महिन्याने कळलं, तेही जीपवाल्याकडून. मी ज्या रस्त्याने रोज जाते, त्याच रस्त्यावरचं त्यांचं बंद दार माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माईक तपासताना त्यांनी केलेलं रेकॉर्डिंग मला परवा लॅपटॉपमध्ये सापडलं. एक्केचाळीस मिनिटांचं. इतकं मोठं काय असेल म्हणून लावलं.

"बाई, तुमी आला नाय, मंग मीच बोलतो. सकाळचा भात व्हता, त्यात ताक घातलं. सुका जवळा भाजला थोडा. बास." वहीवर पेन चालल्याचा आवाज. "माईक हाय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बंद करायचं ते विसरले असावेत. पुढे मोरीत एक ताट घासल्याचं ऐकू येतं, एकच. घाटाकडे जाणारी गाडी. खोकला. बराच वेळ तर काहीच नाही, नुसतं घर. माईक खरंच चांगला लागला होता, सगळं टिपत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, की काका, तुम्ही काय जेवलात? मला माझीच लाज वाटली.

अगदी शेवटी पावलं जवळ येतात. "आरं, चालूच हाय व्हय!" ते स्वतःशी हसतात. मग नेहमीच्या आवाजात विचारतात, "तुमी काय जेवलात, बाई?"

आणि थांबतात. मी सगळं सांगून संपवीन इतका वेळ थांबतात. आज पुन्हा लावलं आणि त्या थांबलेल्या वेळात बोलले, "शेपूची भाजी, काका. जरा खारट झाली."

"मिळालं," काका म्हणाले, आणि रेकॉर्डिंग संपलं.