सव्वा फूट कमी पडलेलं रेलिंग

तीस वर्षं गोल जिन्यांना रेलिंग बसवणारा हा माणूस आपली फजिती आपणच सांगत फिरतो. दुसऱ्याने तिखटमीठ लावण्याआधी आपणच लावलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

त्याची रीत साधी. जिन्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत तार धरायची, ती सरळ करून मोजायची आणि तेवढा पाईप वाकवायचा. कागद-पेन्सिलीचं कामच नाही. पण एकदा काम निघालं ते गणिताच्या बाईंकडे. ह्याच बाईंनी शाळेत त्याला दोनदा नापास केलेलं. मग काय, गडी चेकाळलाच!

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चार महिने त्या वरच्या खोलीत, आणि अंथरुणाला खिळलेली धाकटी बहीण खाली. दोघी हाका मारून बोलायच्या. हल्ली खालचा आवाज वर पोचेनासा झाला होता.

"मला कुणी उचलायचं नाही," बाई म्हणाल्या. "धरायला काहीतरी दे, मी उतरते."

पठ्ठ्याने त्यांच्यासमोर कागद काढला. वरच्या सरळ पायऱ्यांना कठडा होताच, हवं होतं ते खालच्या वळणाला. त्रिज्या पाच फूट. कोन नव्वद अंश, म्हणजे अख्ख्या वर्तुळाचा चौथा हिस्सा. दोन गुणिले पाय गुणिले पाच, भागिले चार. कंसाची लांबी सात फूट दहा इंच! बाईंनी चष्मा सावरून पाहिलं आणि "बरोबर" म्हणाल्या. त्या दिवशी महाशयांचे पाय जमिनीला लागत नव्हते. तार खिशातच राहिली.

आठवड्याने रेलिंग बसवलं. वरून झोकात निघालं आणि शेवटच्या पायरीच्या आधीच संपलं. सव्वा फूट कमी! गणित चोख होतं, पण ते जमिनीवर आखलेल्या कंसाचं. जिना वळता वळता खालीही उतरतो, एवढंच जिन्यांवर जन्म घालवलेला हा शहाणा विसरला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"दोन दिवस द्या बाई, नवीन करून आणतो," तो मान खाली घालून म्हणाला.

"अरे, मीही नुसता गुणाकारच तपासला." बाईंनी खाली कान दिला. काहीच ऐकू येईना. "दोन दिवस नको. आत्ताच उतरते."

एकेक पायरी करत त्या उतरल्या. रेलिंग संपलं तिथे त्याने खांदा पुढे केला. बाईंनी तो इतका घट्ट आवळला की त्याला कळ आली. खांदा न सोडताच त्या बहिणीच्या खाटेपर्यंत गेल्या.

बहिणीने डोळे उघडले.

"ताई," ती म्हणाली, "किती उशीर केलास गं."