दर गुरुवारी वेगळं उत्तर

बीडच्या बेघर निवाऱ्यात मी दर गुरुवारी जाते. मानसिक आरोग्याचं काम. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, बाकीचे गुरुवार माझे. लोखंडी खाटांच्या दोन रांगा, खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या आणि कोपऱ्यात माझं टेबल. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली जुनी वही सरकवली की काम सुरू होतं. माझा स्वभाव तापट. नाकावर राग असतो म्हणून घरचे चिडवतात. निवाऱ्यात मात्र माझ्याइतकं गोड कोणी बोलत नाही. रुग्णाशी वाद घालायचा नाही, त्याचं म्हणणं खोडायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

दिवाळीनंतर पोलिसांनी एका मेंढपाळाला निवाऱ्यात आणून सोडलं. पन्नाशीचा असेल. कानात माणसं बोलतात म्हणून दोन्ही कान दाबून बसायचा. दोन वर्षांपूर्वी असाच आवाजांच्या मागे मेंढ्या सोडून निघून गेला होता, एवढं त्यानं हळूहळू सांगितलं. गोळ्या लागू पडल्या. तो जेवू लागला, झोपू लागला, शेजारच्या म्हाताऱ्याला आंघोळीला पाणी काढून देऊ लागला.

राहिला प्रश्न घरच्यांचा. गाव त्यानं शिरूर कासारकडचं सांगितलं. तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला, तर ते म्हणाले, घराला कुलूप हाय. त्या भागात दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, कुलपाचं कोणाला काय वाटणार? मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर दर गुरुवारी मी विचारायची, "मामा, घरचे कुठे आहेत?"

एकदा म्हणाला, पाटोद्याच्या माळावर. पुढच्या खेपेला मांजरसुंब्याच्या घाटाखाली. मग नेकनूर. मी गोड हसून मान डोलवायची आणि फाइलीत लिहायची : स्थळाचं भान नाही, उत्तर दर वेळी वेगळं. माझं अक्षर चांगलं आहे, ते वाक्य फार सुबक दिसायचं.

या काळात तो दोनदा निवाऱ्यातून चालत निघाला. दोन्ही वेळा निवारा सांभाळणाऱ्या काकांनी त्याला नेकनूरच्या रस्त्यावरून परत आणलं. मी काकांचं कौतुक केलं. घरचे सापडत नाहीत म्हटल्यावर त्याला दूरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत कायमचं पाठवायचं ठरलं. तिथे गेलेलं माणूस सहसा परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पत्र मीच लिहिलं. फक्त डॉक्टरांची सही बाकी होती.

सहीच्या आदल्या गुरुवारी मी शेवटचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "केजच्या अलीकडं हायेत."

माझं माहेर केजजवळचं. का कोण जाणे, त्या दिवशी माझा तोल गेला. "अहो मामा, मागच्या गुरुवारी तर नेकनूर म्हणालात!"

तो चिडला नाही. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "मागच्या गुरवारी तितंच व्हते की. आता फुडं गेले. मेंढरं एका जागी ऱ्हातेत व्हय, ताई?"

मी पेन खाली ठेवलं. माझ्या वडिलांच्या शेतात दर वर्षी मेंढ्या बसायच्या. लेंडीखत मिळायचं, वडील मेंढपाळांना धान्य द्यायचे. तीन मुक्काम झाले की कळप पुढच्या रानात. ठरलेला पंधरवडा आला की आम्ही पोरं बांधावर उभं राहून त्यांची वाट बघायचो. मी जन्मभर हे पाहिलेलं, आणि चार महिने या माणसाला वेडा ठरवत होते. लाजेनं माझे कान तापले.

"आज नेमके कुठे असतील?" मी विचारलं. त्यानं बोटांवर मुक्काम मोजले आणि एका ओढ्याचं, त्यावरच्या तुटक्या बंधाऱ्याचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही जीपनं निघालो. बंधाऱ्याच्या वरच्या रानात मेंढ्या होत्या. एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली, ती उलटली आणि मगच उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, पण बोलली माझ्याशी.

"दीर म्हणत व्हता, वाट बदलू, तिकडं चारा लई हाय. दोन वर्सं भांडले मी त्याच्यासंगं. ह्यो कुठून बी निगाला तर आमी कोणत्या रानात हाव ते ह्याला ठाव पायजे, म्हणलं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिनं वाट राखली होती, त्याला ती तोंडपाठ होती, आणि मधे मी बसले होते, सुबक अक्षरात लिहीत.

निघताना गोळ्यांच्या वेळा बाईला समजावल्या. फाइलीत पत्त्यासाठी एकच ओळ असते. मी त्याला विचारलं, "पुढच्या महिन्याच्या गोळ्या कुठे आणू?" त्यानं पुन्हा बोटं मोजली आणि जागा सांगितली. बाईनं मान डोलवली. मी तसंच लिहिलं.

पुढच्या महिन्यात गोळ्या घेऊन निघाले, त्या गुरुवारी मी दोन वेळा चुकीच्या फाट्याला वळले, आणि पोचायला दुपार टळली. सांगितलेल्या लिंबाखाली तो काठी टेकून उभा होता. मला पाहून हसला.

"वाट चुकला व्हय, ताई?"