तुमी व्हा म्होरं

उस्मानपुऱ्यातल्या माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून ते उतू जाण्याची वाट बघत होते. दारात एक बाई पाण्याने भरलेली कळशी घेऊन उभी राहिली. "खालच्या खोलीतली हाये मी. हितं नळाला रोज पानी येत नाय. म्हनलं, नव्या मानसाला ठावं नसंल." मी म्हटलं, "अहो, आत या ना." तर तिने कळशी उंबऱ्याच्या आत सरकवली, स्वतः एक पाऊल मागे सरकली आणि म्हणाली, "अनसे, मागं ऱ्हा." मी मान वाकडी करून तिच्या पाठीमागे पाहिलं. जिन्यावर दुसरं कुणीही नव्हतं. तेवढ्यात माझं दूध उतू गेलं.

ह्या अनसाकाकू. नाव अनसूया, पण ते शिधापत्रिकेपुरतं. त्यांचे यजमान रामभाऊ वाळूजला कारखान्यात होते, एकुलता मुलगा दत्ता तेव्हा शाळेत होता. मी नुकतीच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, म्हणून काकू मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. वयाने त्या माझ्या आईएवढ्या, तरी कधी 'अगंतुगं' केलं नाही. अगंतुगं त्या जगात फक्त एकाच माणसाला करत, ते म्हणजे स्वतःला.

स्वतःशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या मुख्याध्यापिका तर स्वतःशी बोलताना स्वतःला शाबासकीसुद्धा देत. काकूंच्या वाट्याला मात्र काकूंकडून शाबासकी कधी आली नाही. "अनसे, तुला काय कळतंय." "अनसे, तू नगं हात लावू, नासंल." आणि हे म्हणत त्या ज्या कुरडया घालत, तशा सबंध गल्लीत कुणाला जमत नसत. कौतुक केलं की म्हणायच्या, "गहू चांगला व्हता." लोणच्याचं कौतुक केलं तर कैरी चांगली होती. दत्ता पहिल्या वर्गात पास झाला तर त्याचे मास्तर चांगले होते. एकदा वरण करपलं, तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "डाळच वाईट असेल." तर गंभीर होऊन म्हणाल्या, "नाय बाई, ते माझ्याच हातानं."

आणखी एक गोष्ट होती. त्या बसल्या की लुगड्याचा काठ ओढून पाय पुरते झाकून घ्यायच्या. उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या असतानाही. मला वाटायचं, जुन्या चालीची बाई, लाजत असेल. आणि कुणाच्याही घरी मंगलकार्य असलं की काकू सगळ्यांच्या शेवटी आत शिरायच्या. दारात गर्दी झाली की बाजूला होऊन म्हणायच्या, "तुमी व्हा म्होरं. कुनीतरी चपला राखाया पायजे की." त्या काळात शहर चहूकडे वाढत होतं. काल जिथे ज्वारी उभी होती तिथे आज स्लॅब पडत होता, आणि दर महिन्याला कुणाची ना कुणाची वास्तुशांत असायची. प्रत्येक नव्या घराच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, अनसाकाकू उभ्या असत.

कारण मला कळलं ते गच्चीवर, कुरडयांच्या राखणीला बसलो होतो तेव्हा. सिल्लोडकडच्या एका खेड्यात काकू लग्न होऊन आल्या त्या वैशाखात, आणि पुढचा पावसाळा आलाच नाही. तो बहात्तरचा दुष्काळ. विहिरीला तळ दिसायला लागला, गोठ्यातली जनावरं गेली, आणि सासूने नव्या सुनेकडे बोट दाखवलं. "पांढऱ्या पायाची आली अन् आभाळ पळून गेलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. काकू तेव्हा पंधरा वर्षांच्या. रस्त्याच्या दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची, तिथे खायला मिळालेली सुकडी घरी आणायची आणि दारात थांबायचं. आधी घरातली सगळी आत गेली की मगच हिने आत यायचं, असा सासूचा हुकूम होता.

"अहो काकू, तेव्हा सगळ्या मराठवाड्यात पाऊस नव्हता," मी म्हटलं.

"मराठवाड्याचं मला ठावं नाय, बाई. आमच्या घरात माझंच नाव घेत व्हते."

"पण सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. आता कोण म्हणतं तुम्हाला तसं?"

"आता कोन म्हननार? म्हून तर मीच म्हनते." त्यांनी कावळा हाकलला आणि सहज सांगितलं, "दुसऱ्यानं म्हनायच्या आदी आपुनच म्हनून घ्यावं. कमी लागतं."

मी विज्ञानाची शिक्षिका. गप्प कशी बसणार? दुसऱ्या दिवशी दत्ताच्या पाटीवर समुद्र काढला, बाण काढले, मोसमी वारे कसे येतात ते समजावलं. काकूंनी अगदी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "वारं समिंदरावरनं येतं. बरं. पर मग मी आले त्याच वर्सी का नाय आलं?" मी पाटी पुसून टाकली. समजुतीने सुटण्यासारखी ती गाठच नव्हती.

पुढे रामभाऊंनी बीड बायपासच्या अंगाला छोटा प्लॉट घेतला आणि तीन खोल्या बांधल्या. त्या घराच्या भिंतींना काकूंनी स्वतः पाणी मारलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी मी लवकर गेले. गुरुजींनी यजमानीणबाईंना कलश घेऊन पुढे यायला सांगितलं. काकूंनी कलश रामभाऊंच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, हातात दिला. म्हणाल्या, "अक्का, तुमी व्हा म्होरं. तुमचं पाऊल चांगलं." अक्कांनीही कलश घेतला. रामभाऊ म्हणाले, "अगं, ये की." पण ते एकदाच, हळू आवाजात, आणि म्हणून झाल्यावर ते आत गेले. स्वतःच्या घराच्या पहिल्या दिवशी काकू फाटकाजवळ पाहुण्यांच्या चपला जोडीने लावत उभ्या होत्या.

मला रामभाऊंचा फार राग आला. भला माणूस होता, बायकोवर कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. पण 'तुझ्या पायात काही वाईट नाही' हे एक वाक्य एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालं नाही. कधी आईला वाईट वाटेल म्हणून, कधी बहिणीला. मी तसं काकूंना बोलून दाखवलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. "त्यायला काय बोलू नगा. त्यांनी मला माहेरी तर नाय ना धाडलं?" मग मीही तो विषय सोडला.

दत्ता मोठा झाला, नोकरीला लागला, आणि सोयगावकडची रेखा त्याला सांगून आली. लग्न झालं ते नेमकं पुन्हा दुष्काळात. शहरात टँकरच्या मागे बायका हंडे घेऊन पळत होत्या, आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकूंच्या घरचं बोअर बंद पडलं. वरात आली. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं, नवरी शालू सावरत उभी, आणि सांगितलेला टँकर काही येईना. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी नव्हतं. तेव्हा अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नवरी दारात अन् बोअर कोरडं. दत्ताच्या आईनं पोरीचं पाऊल बघून घ्यायला पायजे व्हतं."

रेखाने खाली पाहिलं. मग शालूचा काठ हळूच ओढला आणि मेंदीचे पाय त्याखाली घेतले.

काकू मागे चपलांजवळ होत्या. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ह्या पडतात. पण त्या माणसं बाजूला सारत पुढे गेल्या.

"अक्का, बोअर गेल्या हप्त्यात गेलं. पोर आज आलीय."

"मी आपली रीत सांगते गं."

"रीत मला ठावं हाये. चाळीस वर्सं पाळली." काकू थांबल्या नाहीत. "पंधरा वर्साची पोर व्हते मी, अक्का. दोन्ही वेळचं पोटभर खायाला नव्हतं. माझ्या पायात आभाळ पळवायचं बळ कुठून येतंय? आन् तेवढं बळ असतं, तर मी पाऊसच नसता का पाडला?"

मग नवरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "उचल पाय. उजवा. तू हो म्होरं, मी हाये मागं." रेखाने माप ओलांडलं. तांदूळ पार आतल्या खोलीपर्यंत सांडले. काकू मागच्या मागे मोरीत गेल्या आणि खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. मी आत गेले तर भिंतीला टेकून रडत होत्या. "बाई, तिला म्हनता आलं मला. त्या पोरीला तवा कुनीच नाय म्हनलं." ती पोर कोणती, हे मला विचारावं लागलं नाही.

एका दिवसाच्या बोलण्याने जन्माची सवय सुटत नाही. लोकांच्या दारात गेल्या की काकूंच्या तोंडून अजूनही निघायचं, "अनसे, मागं..." पण आता घरात रेखा होती. ती सासूला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची आणि तिचा हट्टीपणा मुलखावेगळा होता. काकू दाराबाहेर थांबल्या की हीसुद्धा चपलांजवळ थांबायची. "तुमी नाय आत, तर मीबी नाय." एका बारशाला दोघी इतका वेळ बाहेर उभ्या राहिल्या की बाळाची आजी कातावून म्हणाली, "घुगऱ्या बाहेर आणून देऊ का?" सुनेला उपाशी ठेवायचं काकूंच्या जिवावर आलं आणि त्या आत गेल्या. हळूहळू ते वाक्य अर्ध्यातच तुटायला लागलं. एकदा तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पापडाचं पीठ तिंबताना त्या म्हणाल्या, "अनसे, जमलंय गं." आणि मी ऐकलं हे कळताच लाजल्या.

त्या हिवाळ्यात मी गेले तर काकू अंगणात उन्हात बसल्या होत्या, पाय लांब पसरून. काळेसावळे, लहानसे पाय. टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख खडी फोडताना गेलेलं, ते पुन्हा नीट उगवलेलंच नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होते. "बघा बाई," त्या हसून म्हणाल्या, "कुठं पांढरे हायेत? सासूला दिसत कमी व्हतं." आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

हे सुख त्यांना थोडं तरी अधिक मिळायला हवं होतं. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला, छातीत पाणी झालं आणि दवाखान्यात न्यावं लागलं. ग्लानीत त्यांची जीभ जुन्या वाटेला लागली. "अनसे, मागं ऱ्हा. मागं ऱ्हा, अनसे." दिवसभर तेच. मला ते ऐकवेना. वाटलं, बाईने एवढ्या कष्टाने मिळवलेलं सगळं पाण्यात गेलं. एवढ्या वर्षांचं बोलणं दोन वर्षांत पुसलं जाईल अशी आशा मीच वेडी करत होते. रेखा मात्र उशाशी बसून, त्या एकदा म्हणाल्या की ही एकदा म्हणे, "आत्याबाई, तुमी व्हा म्होरं. मी हाये मागं." कंटाळली नाही की रडली नाही. दुपारी केव्हातरी काकूंचं बोलणं थांबलं आणि रेखा तरीही म्हणतच राहिली. शेवटी दत्ताने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांना घरी आणलं तेव्हा अंगणात सतरंजी घातलेली होती. अक्का आता फार थकल्या होत्या, काठीने चालत. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातून आनलंय, अंगनातच ठिवा. आत नगं." रामभाऊ सुनेकडे बघत होते. रेखाने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि उंबऱ्याशी आडवी उभी राहिली. घरातली काही माणसं पंखा लावायला, जागा करायला आत निघाली होती, त्यांनाही तिने थांबवलं. "कुनी जाऊ नगा. आदी आत्याबाई."

"बरुबर बोलती पोर," रामभाऊ म्हणाले. ते मोठ्याने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ऐकायला जी हवी होती ती नव्हती.

मग दत्ताने आणि तीन माणसांनी काकूंना उचललं, आणि ज्या घराच्या भिंतींना त्यांनी पाणी मारलं होतं त्या घरात त्या सगळ्यांच्या आधी गेल्या. आम्ही सगळे अंगणात थांबलो होतो. नंतर एकेक करून बायका आत गेल्या. अहेवपणी गेलेली बाई, म्हणून प्रत्येकीने पायांवर हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. अक्कांनीही टेकलं. मला रागही आला आणि रडूही आलं. कुणीतरी हिरव्या लुगड्याचा काठ पायांवर ओढू लागलं, तर रेखा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडे."

मी नमस्कार करून बाहेर आले. दाराशी चपलांचा मोठा ढीग पडला होता, एकमेकींवर चढलेल्या, उलट्यासुलट्या. त्या राखायला कुणी नव्हतं. मी पदर खोचला, खाली बसले आणि त्या जोडीने लावू लागले.