रंगाखालचं झाड

माझी मावशी तेवीस वर्षं झाडांच्या कमरा मोजत होती. लहानपणी हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे फिदीफिदी हसले आणि घरी येऊन मी तिच्यावरच डाफरले, की तुला एखादी सरळ नोकरी मिळाली नाही का. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, एक हजार एकशे त्रेचाळीस झाडं आहेत, त्यातल्या एकानेही अजून माझ्यावर आवाज चढवलेला नाही.

अभयारण्यात एका उतारावर दोऱ्या बांधून आखलेला मोठा चौकोन होता. बाकीच्या जंगलात लोक फोटो काढायला जात, चौकोनात कुणी फिरकत नसे, कारण तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा आणि छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती लाल रंगाचा पट्टा. दरवर्षी कोरड्या दिवसांत, त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर टेप गुंडाळायची आणि मिलिमीटरपर्यंत घेर लिहायचा. एका वर्षात काही कळत नाही. वीस वर्षांत जंगल वाढतंय, थांबलंय की खंगतंय ते कळतं.

जोडीला एक पहारेकरी असायचा. दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणत. पण मोजणी सुरू झाली की त्याचा आवाज दोन टेकड्या ऐकत. मावशी टेप धरून आकडा ओरडायची, तो वही धरून तोच आकडा परत ओरडायचा, आणि मगच लिहायचा. टेप ज्याच्या हातात, आकडा त्याचाच. खोडरबर दोघांनाही वर्ज्य. चुकलं तर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची. संध्याकाळी घरी येऊन मावशी सगळं दुसऱ्या वहीत उतरवायची आणि ती वही पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची.

हा छळ घरातही चालायचा. आमची उंची ती दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहायची, आणि मी टाचा उचलल्या की पायावर पाय ठेवायची. एकदा रागाच्या भरात मी माझी एक रेघ पुसली. तिने मला मारलं नाही, रागावली नाही, पण दोन दिवस बोलली नाही. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

मावशीच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना नवे मोठे साहेब आले. त्या साली उन्हाने कहर केला होता. मोजणी संपली आणि सत्त्याऐंशी झाडं पाण्याविना आक्रसून गेल्या वर्षीपेक्षा बारीक भरली. साहेबांनी मावशीला आणि मौनीला वहीसकट बोलावून घेतलं. खोलीत गार हवा, काचेचं टेबल, भिंतीवर जंगलाचा हा मोठा फोटो. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांना वर अहवाल पाठवायचा होता, की आपलं जंगल तेवीस वर्षं सलग वाढतंय. त्यांनी हसत विचारलं, झाडं काय उपास करतात का? मग त्यांनीच तोडगा सांगितला. त्या सत्त्याऐंशी झाडांपुढे गेल्या वर्षीचेच आकडे घालायचे, विषय संपला. ते पहिला आकडा सांगूही लागले.

मौनीने पेनाचं टोपण काढलं आणि साहेबांकडे न बघता मावशीकडे बघितलं.

"आकडा?" त्याने विचारलं.

मावशीने मान हलवून नाही म्हटलं. मौनीने टोपण लावून टाकलं. साहेबांचं हसू मावळलं. महिनाअखेरपर्यंत आकडे नीट झाले नाहीत तर चौकोन बंद, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घरातली भांडी फार जोरात घासली गेली.

दुसऱ्या दिवशी ती झाडं पुन्हा बघायला मावशी मला आणि मौनीला चौकोनात घेऊन गेली. मी शिक्षिका, तेव्हा बदलीच्या शाळेवर रुजू व्हायचं बाकी होतं, म्हणून रिकामीच होते. सहाशे अकरा नंबरचं झाड त्या सत्त्याऐंशीतलं होतं. मी सहज पट्ट्यावर बोट फिरवलं आणि रंगाची एक खपली हातात आली, नखापेक्षा चांगली जाड. उन्हाने तडकली होती. मावशीने ती माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून कडेने बघितली. लालवर लाल, त्यावर लाल, थरांवर थर. दरवर्षी मोजणी झाली की पट्टा पुसट होऊ नये म्हणून ती त्यावर रंगाचा नवा हात द्यायची. जुना कधी खरवडला नव्हता. पुढच्या वर्षी टेप त्या रंगावरच बसायची.

मावशी झाडाच्या बुडाशी बसली. मी तिला चौकोनात असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"यातली काही वाढ माझीच आहे गं," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. आता ही घरी येईल, अंथरूण धरेल. पण ती दहा मिनिटांनी उठली आणि मौनीकडे चाकू मागितला. एक झाड रंगावरून मोजायचं, चाकूच्या पाठीने सालीला धक्का न लावता रंग उतरवायचा, पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे ओरडायचे, दोन्ही लिहायचे. तीन आठवडे आम्ही तिघं हेच करत होतो. माझ्या केसांतून लाल भुकटी महिनाभर निघत होती.

हिशोब लागला तेव्हा मावशीने तो पुन्हा एकदा करून पाहिला. प्रत्येक घेरात दहा-अकरा मिलिमीटर नुसता रंग होता, म्हणजे वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर. आणि मागची सहा वर्षं वहीत झाडांची वाढ लिहिली होती तीही तेवढीच. सहा वर्षं जंगल जागच्या जागी थांबलं होतं. वाढत होता तो मावशीचा रंग.

तिने हे शाईने लिहिलं. पद्धत चुकली, चूक माझी, खाली सही. मग ती साहेबांकडे गेली आणि मी हट्टाने बरोबर गेले. साहेबांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. आता त्यांना ते सत्त्याऐंशी आकडेही बदलून नको होते. आवाज मऊ करून म्हणाले, कशाला स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खराब करता, रंगाचं कुणाला माहीत आहे, वही आहे तशी राहू द्या, सत्कार करून निरोप देऊ.

"साहेब, तेवीस वर्षं मी रंग मोजला, हे मला कबूल आहे," मावशी म्हणाली. "चोविसाव्या वर्षी तोच रंग झाड म्हणून लिहिणार नाही."

मी तिचा हात धरला होता. मला तिचा इतका अभिमान वाटला, की माझ्या वर्गातल्या त्या हसणाऱ्या पोरांना एकेकाला शोधून काढून सांगावंसं वाटलं.

वही साहेबांच्या कपाटात बंद झाली. अहवाल गेला, त्यात जंगल वाढतच होतं. चौकोनाच्या दोऱ्या काढल्या, मौनीला दुसऱ्या टोकाच्या चौकीवर पाठवलं, आणि मावशीला उरलेले महिने तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. ती प्रत्येक तिकिटाबरोबर माणसांना सांगायची, की जंगल सहा वर्षं वाढलेलं नाही, नीट बघून या. तक्रारी झाल्या. ती सांगत राहिली. निरोपाला सत्कार झाला नाही.

पुढचे कोरडे दिवस आले तेव्हा मावशीने पलंगाखालची पेटी ओढली आणि मला सुट्टी टाकायला सांगितलं. फाटकावर पिशव्या तपासत होते, परवानगीशिवाय मोजायचं सामान आत न्यायला बंदी होती. मावशीच्या कमरेला सदऱ्याखाली काहीतरी गुंडाळलेलं होतं. पहारेकऱ्याने विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते बाबा, पट्टा आहे. पहारेकरी नवा होता. त्याने सोडलं.

दोऱ्या नसल्याने चौकोनात आता कुणालाही जाता येत होतं. ती सोय साहेबांनीच करून ठेवली होती. एक नंबरच्या झाडापाशी मावशीने कमरेची टेप सोडली, खरवडलेल्या जागी बुंध्याला गुंडाळली आणि आकडा ओरडली. गेल्या वर्षीचाच आकडा होता, मिलिमीटरही जास्त नाही. मी इकडेतिकडे बघत तो पुटपुटले आणि पेन टेकवलं.

तिने टेप सोडली नाही.

"मोठ्याने," ती म्हणाली.

मग मी तो फाटकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडले, आणि लिहिला.